घडी बसेपर्यंत

६ ऑक्टोबर, रविवार

फेब्रुवारीनंतर आज वही उघडली. एकतीस वर्षं अंबाजोगाईच्या कॉलेजात प्रयोगशाळेचा परिचर होतो. कोणती बाटली किती वाजता काढली, किती वाजता परत ठेवली, हे लिहायची हाताला सवय. निवृत्त होऊन धारूरला घरी आलो तरी ती सुटली नाही. बायको, छबू, गेली तेव्हा सुटली.

आज लिहिण्यासारखं आहे. दुपारी सव्वाचारच्या एसटीनं लेक स्वप्नाली आली. आधी फोन नाही, काही नाही. "चार दिवस राहते, अण्णा," म्हणाली. सामान मात्र बरंच आहे. दोन मोठ्या बॅगा, पुस्तकांचं खोकं, गादीची वळकटी आणि मगासकट प्लास्टिकची बादली. चार दिवसांसाठी बादली कशाला आणली कळेना. पुण्याच्या होस्टेलवर बादल्या चोरीला जात असतील.

भिवराआक्कानं, माझ्या थोरल्या बहिणीनं, पिठलं-भाकरी केली. छबू गेल्यापासून घर तीच बघते. स्वप्नाली स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी थांबली, ताट हातात घेतलं आणि ओसरीवर येऊन जेवली. आत उकडत असेल.

८ ऑक्टोबर, मंगळवार

स्वप्नाली नुसती झोपते. उठली की ओसरीच्या खांबाला टेकून समोरच्या डोंगराकडे बघत बसते. चार दिवसांची सुट्टी अशी घालवावी का, पण बोललो नाही.

पुण्याच्या लॅबमधलं तिचं संशोधनाचं काम मला जेवढं कळलंय तेवढं लिहून ठेवतो, म्हणजे तिच्याशी बोलताना चुकायला नको.

आमच्या काळात विकर, म्हणजे एन्झाइम, हे प्रथिनच असतं, एवढंच शिकवायचे. मण्यांची एक लांब माळ समजायची. पाण्यात सोडली की ती आपली आपण गोळा होते. पाण्याला भिणारे मणी आत दडतात, न भिणारे बाहेर राहतात, आणि त्या गोळ्याला कुठंतरी एक खाच पडते. दुसरा पदार्थ त्या खाचेत येऊन बसतो. एरवी ज्याला वर्षं लागली असती ते तिथं क्षणात होतं. तो तुटतो किंवा कशाला तरी जोडला जातो आणि निघून जातो. खाच होती तशी राहते, पुढच्यासाठी.

स्वप्नालीची वस्तू मात्र प्रथिन नाही, आरएनए आहे. त्याला सगळे नुसता निरोप्या समजत होते, इकडचा निरोप तिकडे नेणारा. पण काही आरएनए स्वतःच्याच अंगावर घडी घालून बसतात आणि विकराचं काम करतात. हिचा आरएनए दुसऱ्या आरएनएला ठरलेल्या एकाच जागी कापतो. म्हणजे कापायला हवा. फेब्रुवारीत एकदा कापलं. जूनपासून सहा वेळा करून बघितलं, एकदाही नाही.

"तीच नळी, तेच पाणी, तेच हात, अण्णा. न्हाई होत."

"मग पहिल्यांदा कसं झालतं?"

"तेच तर सगळे विचारायलेत."

सगळे म्हणजे कोण, हे विचारायचं राहिलं.

१० ऑक्टोबर, गुरुवार

दुपारी डोळा लागला. स्वप्नात किल्ल्याच्या खंदकात पाणी भरलेलं होतं, हिरवं आणि एकदम शांत. त्यात कुणीतरी वरून एक दोरा सोडत होतं. संपतच नव्हता. पाण्यात गेला की तो वळायचा, स्वतःभोवती फिरायचा, फुलासारखा मिटायचा आणि परत सुटायचा. मी काठावर बसून म्हणत होतो, असं नाही, जरा डावीकडनं. दोऱ्याला ऐकू जात होतं असं वाटलं.

जागा झालो तर स्वप्नाली पायाशी बसलेली. "झोपेत काय सांगत होता, अण्णा?"

"तुझ्या आरएनएला घडी शिकवत होतो."

ती हसली. आली त्यानंतर पहिल्यांदाच. मलाही बरं वाटलं.

१३ ऑक्टोबर, रविवार

सकाळी दोघं डोंगरावर आपल्या सीताफळांकडे गेलो. गवत वाळायला लागलंय, चालताना पायाखाली चुरचुर वाजतं. खाली दरीत धुकं इतकं दाट की तेलगावकडे जाणारा रस्ता दिसतच नव्हता. गाड्यांचा आवाज नुसता कुठूनतरी येत होता. डोळे उघडलेली फळं तेवढी काढली.

स्वप्नाली एक फळ नाकाशी धरून बसली. म्हणाली, ह्याला झाडावरनं तोडलं तरी आत काम चालूच असतं. विकरं भिंती सैल करतात, पिठाची साखर करतात. फळाला माहीतही नसतं.

मग आपणहून बोलत राहिली. आरएनएची माळ प्रथिनापेक्षा हट्टी असते म्हणे. तिच्या प्रत्येक मण्यावर सारखाच भार, त्यामुळे मणी एकमेकांना दूर ढकलतात. जवळ यायचं म्हटलं तरी येता येत नाही. मध्ये मॅग्नेशियमचा एक कण येऊन बसला की दोन्ही बाजू त्याच्याकडे ओढल्या जातात, आणि मग घडी पडते.

आमच्या घरातही जेवताना स्वप्नाली आणि मी एकमेकांशी फार बोलत नसू. छबू मध्ये बसायची. तिला सांगितलेलं दोघांनाही कळायचं. आज मात्र आम्ही दोन तास बोललो. फळांची पाटी जड झाली, तिनं उचलू दिली नाही.

घरी आल्यावर आक्का म्हणाली, घाटनांदूरच्या ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्राला बाई पाहिजे, दिवाळीनंतर लगेच. मला वाटलं स्वप्नाली चिडेल. ती म्हणाली, "चालंल की, आत्या. अर्ज देते."

पोर जवळ राहणार. आनंदाची गोष्ट आहे. जेवण मात्र गेलं नाही. सीताफळं जास्त झाली असतील.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

दुपारी तिला फोन आला. लिंबाखाली उभी राहून बोलली. बोलली म्हणजे "हो, सर" एवढंच चार वेळा. मग माझ्या खाटेच्या कडेला येऊन बसली.

"सरांनी महिनाअखेरपर्यंत मुदत दिलीय. तोवर परत करून दाखवायचं, न्हाईतर छापायला दिलेला लेख मागं घ्यायचा."

"घेऊ की मागं. परत देता येतो."

"तसं नसतं, अण्णा. मागं घेतला म्हणजे मी आकडे बनवले असंच होतं. लॅबमधली दोघंतिघं बोलायलीत तसं. सर बोलत न्हाईत, पण बघतेत."

आकडे बनवणारी पोरं मी एकतीस वर्षं पाहिली. ब्युरेटला हात न लावता तीन वाचनं लिहितात आणि तिन्ही सारखी. खरं वाचन कधी एवढं शहाणं नसतं. मी म्हणालो, मला तुझी नोंदवही दाखव. तिनं खोक्यातून काढून दिली आणि तिथून उठून गेली.

वही चांगली आहे. खाडाखोड, डाग, कडेला वेळा, एके ठिकाणी चहाच्या कपाचा गोल. मग ते पान आलं, कापलं होतं त्याचं. ते एकदम स्वच्छ. "११.२० नळी तापवायला ठेवली." पुढच्या ओळीत "बर्फात ठेवली." तिथं वेळ नाही. बाकी सगळ्या पानांवर मिनिटामिनिटाची नोंद आणि इथं नाही, हे खटकलं. विचारणार होतो. मग वर तारीख बघितली. नऊ फेब्रुवारी.

वही मिटली. खोक्यात परत ठेवली.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

परळीकडून वारा होता. आक्का वाळवण झाकत बसली. स्वप्नालीनं घाटनांदूरचा अर्ज लिहिला. अक्षर फार सुंदर आलंय.

२० ऑक्टोबर, रविवार

पोरीला असं बघवेना. अकरावीच्या मुलांना दाखवायचो ते एक जुनं प्रात्यक्षिक काढलं. मेडिकलमधून हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली आणली, दोन बटाटे घेतले. एक उकडला, एक कच्चा. ओसरीवर दोन बशा मांडल्या आणि तिला हाक मारली.

कच्च्या फोडीवर थेंब टाकला, फेस उसळला. उकडलेल्यावर टाकला, काही नाही.

"कावून झालं असं, सांगा," मी मास्तरासारखं विचारलं.

"उकडल्यानं विकराची घडी मोडली," ती म्हणाली. खेळायला तयार झाली होती. "माळ तीच, मणी तेच. खाच गेली."

"थंड झाल्यावर परत बसंल का?"

"ह्याची न्हाई बसत. मोडलेल्या माळा एकमेकीत गुंततेत. उकडलेलं अंडं परत पातळ होतं का, तसंच. आरएनएचं बसतं. त्याला तर आमी मुद्दाम तापवतो. चुकीची घडी पडून अडकलेला असतो ना, ती मोडायला. मोडली की लगेच बर्फात, म्हणजे जवळजवळचे तुकडे पटकन जुळतेत. हळूहळू थंड केला तर लांबच्या टोकांना पण एकमेकाला शोधायला..."

थांबली.

"वेळ मिळतो," मी म्हणालो.

"हां," म्हणाली आणि तशीच बसून राहिली. हातातल्या फोडीवरचा फेस बसला, फोड काळी पडली. मग उठून भिंतीपाशी जाऊन डोंगराकडे तोंड करून उभी राहिली ती ऊन उतरेपर्यंत.

बटाटा चिरताना तिचं बोट कापलं की काय असं वाटलं. आक्काला हळद घेऊन पाठवलं. कापलं नव्हतं.

२१ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी चहाच्या वेळी स्वप्नालीनं विचारलं, "अण्णा, आई गेली त्या दिवशी तुमी मला किती वाजता फोन केलता?"

"वहीत हाय."

"लिहिलंय तुमी?"

"त्या दिवसापर्यंत लिहीत होतो."

वही आणली. तिच्या हातात देत होतो, पण ती म्हणाली, तुम्हीच वाचा. मी चष्मा लावून वाचलं. इथं परत उतरवतो.

"९ फेब्रुवारी. ९.३० छबूचं डोकं दुखतंय. १०.४० उलटी. जीप बोलावली. ११.१० जीपमधून स्वप्नालीला फोन. कट झाला. छबू म्हणाली, कामात असंल ती, परत लावू नका. हातातलं होऊ द्या तिचं. ११.२५ आडसच्या अलीकडे छबूची शुद्ध गेली. स्वप्नालीला परत फोन. उचलला. २.०५."

दोन वाजून पाचच्या पुढं काही लिहिलेलं नाही.

स्वप्नालीनं चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाली, "मी फोन कट केला तवा आई बोलत होती?"

"बोलत होती की. पूर्ण शुद्धीत होती."

"आन म्हणली, हातातलं होऊ द्या."

"हां."

"तुमी मला कधीच सांगितलं न्हाई, अण्णा."

"त्यात सांगण्यासारखं काय होतं? ती नेहमीच म्हणायची तसं."

ती रडायला लागली. छबूच्या दिवसांतही ही पोर रडली नव्हती, पाहुण्यांना पाणी देत फिरत होती. मला वाटलं, मी वाचताना काहीतरी वाईट वाचून गेलो. परत पान बघितलं. साधं आहे. आक्का धावत आली आणि तिला पोटाशी घेऊन बसली. मी वही धरून उभा.

पुष्कळ वेळानं तिनं तोंड धुतलं. आत गेली आणि तिघांना चहा करून आणला. साखर जास्त पडली होती, छबूच्या हातच्यासारखी.

मग तिनं सांगितलं. अकरा दहाला हातात मोजे होते, थेंब मोजत होती, म्हणून फोन कट केला. अकरा वीसला नळी तापवायला ठेवली. पाच मिनिटांत दुसरा फोन आला. यंत्राचं बटण बंद केलं आणि पळत सुटली. "नळी तिथंच राहिली, अण्णा. बंद यंत्रात. बर्फात मी ठेवलीच न्हाई. पंधरा दिवसांनी परत गेले तवा ती फ्रीजरमध्ये होती. पुढचं काम केलं, कापलेलं दिसलं. आन वहीत सवयीनं लिहून टाकलं, बर्फात ठेवली म्हणून. त्या दिवसाकडं मला परत बघायचंच नव्हतं."

म्हणजे नंतर सहा वेळा तिनं वहीत लिहिलेलंच केलं. त्या दिवशी झालेलं केलंच नाही.

मी एवढंच म्हणालो की नोंद त्याच वेळी करायला पाहिजे, मागून लिहू नये. परिचराला दुसरं काय सुचणार. ती म्हणाली, "बरोबर हाय, अण्णा."

२२ ऑक्टोबर, मंगळवार

पुण्याला तिच्या शेजारच्या टेबलावर काम करणारी दिपाली म्हणून मुलगी आहे. स्वप्नालीनं तिला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला, मला ऐकू यावं म्हणून.

दिपाली म्हणाली, हो, मीच ठेवली होती फ्रीजरमध्ये. संध्याकाळी सहाला जाताना बघितलं तर तुझ्या नावाची नळी बंद यंत्रातच, गार झालेली. फेकणार होते, पण तू अशी रडत गेलेलीस, म्हटलं राहू दे. नंतर तुला सांगायचं राहूनच गेलं.

रडत गेलेली, हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं ती मनानं घट्ट आहे.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळच्या गाडीनं स्वप्नाली पुण्याला गेली. आक्काला म्हणाली, नोकरीचं मागाहून बघू. आक्का रागावली, पण दशम्या बांधून दिल्या. मुदतीला सात दिवस राहिलेत. मी विचारलं, नाही झालं तर? ती म्हणाली, "न्हाई झालं तरी त्या दिवशी काय झालतं ते लिहून देणार, अण्णा. आता ते लिहिता येईल."

एसटी वळणाआड गेली तरी मी तिथंच उभा होतो. घरी येऊन दोन बशा धुतल्या. पेरॉक्साइडची बाटली अजून अर्धी आहे.

२६ ऑक्टोबर, शनिवार

डोळा लागला होता की नाही सांगता येत नाही. दुपारची वेळ, दार उघडं, ऊन जमिनीवर सरकत होतं. आपली सगळी हाडंमांसं अशाच माळांची आहेत, असं वाटत राहिलं. या घडीला आत कोट्यवधी माळा मिटतायत, कुणी न शिकवता. त्यांतल्या काही चुकतात, मोडतात, परत मिटतात. मी नुसता पडलोय आणि हे चाललंय. छबूच्या आतही पन्नास वर्षं चाललं होतं. आवाज न होता.

आक्कानं उठवलं. ऊन पायांवर आलं होतं.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

सव्वाबाराला फोटो आला. काळ्या पाटीवर पांढऱ्या पट्ट्या, सहा रांगा. खाली लिहिलंय, डावीकडच्या तीन नळ्या बर्फात थंड केलेल्या, उजवीकडच्या तीन बंद यंत्रात सावकाश. डाव्या रांगांत एकेकच पट्टी, वर, न कापलेली. उजव्या तिन्हींत वरची पट्टी फिकट आणि तिच्याखाली दोन नव्या. म्हणजे कापलं. तिन्हींतही कापलं.

तिन्ही सारखे नाहीत. मधल्या रांगेतल्या पट्ट्या मंद आहेत. बघून समाधान वाटलं. खरी वाचनं आहेत.

आक्काला दाखवलं. ती म्हणाली, "हे कुणाची हाडं हायती?"

संध्याकाळी फोनवर स्वप्नालीनं सांगितलं, सरांनी फोटो पुष्कळ वेळ बघितला. माफी वगैरे कुणी मागितली नाही. म्हणाले, लेख मागे घ्यायला नको, पण पद्धतीचा परिच्छेद बदल, आणि जे झालं ते लिही. तिनं लिहिलेलं वाचून दाखवलं. घरून फोन आल्यामुळे यंत्र बंद केलं गेलं आणि नमुना आतच राहिला, असं आहे. मी विचारलं, एवढं सगळं लिहितात का? ती म्हणाली, सर "घरून" खोडायला सांगतील कदाचित. पण त्यांच्याकडे जाताना तरी राहू दे.

मधल्या नळीत कमी का, ते अजून कळलेलं नाही. दिवाळीला येणार नाही म्हणाली. पुढचे प्रयोग लावलेत.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

दहा वाजता स्वप्नालीचा फोन आला. एवढ्या सकाळी कधी करत नाही. दचकलो.

"काही न्हाई, अण्णा. आत्ताच यंत्र बंद केलं. नव्वद अंशांवरनं उतरायला दीड तास लागतो. तोवर इथंच बसायचं, दुसरं काम लावायचं न्हाई असं ठरवलंय. तुमी कामात हाव का?"

मी काही कामात नव्हतो.

तिकडे पंख्याचा आवाज येत होता. मग तिनं विचारलं, "आई त्या दिवशी सकाळी काय करायलती?"

चिंचा फोडायला बसली होती, मी सांगितलं. ओसरीवर, उन्हात पाय करून. चिंचोके एका बाजूला, गर एका बाजूला, मध्ये दगड. साडेनऊला म्हणाली डोकं दुखतंय, तरी हातातली मूठ संपवली. कोणतं लुगडं होतं, ते विचारलं. विटकरी, पिवळ्या काठाचं. कुणी आलं होतं का? शेजारची वत्सलाबाई ताक मागायला आली होती, तिला थांबवून घेतलं आणि दोघी कशाला तरी हसल्या. कशाला ते मला ऐकू आलं नाही. स्वप्नाली म्हणाली, आठवून बघा. आठवलं नाही. पण हसतानाचा आवाज आठवला, तसा तिला करून दाखवला. ती पण हसली, हुबेहूब तसाच.

मधेमधे ती आकडा सांगत होती. बहात्तर. एकसष्ट. पुढं फार हळू उतरतं म्हणाली.

"राहिलेल्या चिंचा कुणी फोडल्या, अण्णा? आत्यानं?"

"मी फोडल्या. तेराव्यानंतर, तू गेल्यावर. चार दिवस लागले."

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, वहीतही नव्हतं. पंखा फिरत होता, आमच्या लिंबावर कावळा ओरडला तो तिला तिकडे ऐकू गेला.

"चव्वेचाळीस," ती म्हणाली. मग बऱ्याच वेळानं, "अडतीस." मग चिंचेला मीठ किती लावतात ते विचारलं, आणि मी जसं आठवेल तसं सांगत राहिलो.

एकतीसला म्हणाली, "अण्णा, आता काढते."

"काढ," म्हणालो.

फोन ठेवला तेव्हा ११.३४ झाले होते.